मनावरचा अतिभार

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत 'अतिभारारोपण' असा एक शब्द येतो. पाठशाळेत आपल्यापैकी बहुतेकींनी तो पाठ केला, परीक्षेत लिहिला आणि सोडून दिला. उदाहरण ठरलेलं असायचं, बैलगाडीचं. बैलाला ओढवेल त्याहून जास्त पोती गाडीत घातली, तर तुम्ही त्याला चाबूक मारला नसला तरी व्रताला दोष लागला. उदाहरण सोपं होतं, पटायचंही. पण आता आपल्या घरांत बैलगाड्या राहिल्या नाहीत. दुकानं आहेत, अडत आहे, यंत्रमाग आहेत, फौंड्र्या आहेत, शिकलेल्या मुला-सुनांची ऑफिसं आहेत. आणि या सगळ्यांत आपल्याकडे कामाला येणारी माणसं आहेत. हा दोष फक्त जनावरांपुरता नाही. नोकरचाकरांवर त्यांच्या ताकदीबाहेर भार घालणंही त्यातच येतं. अडचण एवढीच की पोत्याचं वजन काट्यावर करता येतं. मनावरच्या भाराचं वजन कशानं करायचं?

हल्ली त्यासाठीही यंत्रं निघाली आहेत. फोनवर ॲप असतं, ते रोज विचारतं, आज कसं वाटतंय? कंपन्या म्हणतात, कामगाराचं मन ठीक राहिलं तर धंदा टिकतो. ऐकायला हे अगदी नवीन वाटतं. पण माणसाचं मन, यंत्र आणि धंदा या तिघांचा हिशोब एकत्र मांडायचा प्रयत्न आपल्या देशात सत्तर वर्षांपूर्वी झालेला आहे, तोही अहमदाबादच्या एका कापड गिरणीत. त्या गोष्टीची सुरुवात त्याच घरातल्या एका जैन बाईपासून होते, म्हणून ती आपण बायकांनी तरी नीट माहीत करून घ्यायला हवी.

अनसूयाबेन साराभाई १८८५ साली अहमदाबादच्या श्रीमंत जैन घरात जन्मल्या. लहानपणीच आईवडील गेले. तेराव्या वर्षी लग्न झालं, ते टिकलं नाही. माहेरी परत आलेल्या त्या काळच्या मुलीचं पुढे काय होत असे, ते आपल्याला ठाऊक आहे. पण धाकटा भाऊ अंबालाल पाठीशी उभा राहिला आणि १९१२ साली अनसूयाबेन डॉक्टर व्हायला इंग्लंडला गेल्या. तिथं गेल्यावर कळलं की या शिक्षणात प्राण्यांची चिरफाड करावी लागते. ते त्यांच्या जैन संस्काराला मानवेना. वैद्यक सोडून त्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेल्या, आणि १९१३ मध्ये भारतात परतल्या.

परतल्यावरची एक हकिगत त्यांनी स्वतःच पुढे सांगितली आहे. सकाळची वेळ होती. त्या अंगणात मुलांचे केस विंचरत बसल्या होत्या. समोरून गिरणीतल्या कामगार बायका चालल्या होत्या, झोपेत चालावं तशा. काय झालं म्हणून विचारलं, तर समजलं की सलग ३६ तास काम करून त्या घरी निघाल्या आहेत. दोन रात्री आणि मधला एक दिवस. बेडकाची चिरफाड ज्यांना सोसली नाही, त्यांना हे कसं सोसावं? अनसूयाबेन कामगारांच्या झाल्या त्या कायमच्या. १९१८ च्या प्रसिद्ध संपात मालकांच्या बाजूला सख्खा भाऊ होता, 'कॅलिको' गिरणीचा धनी, आणि कामगारांच्या बाजूला बहीण. गांधीजींनी त्याच संपात उपोषण केलं. शेवटी लवादानं ३५ टक्के वाढ दिली. १९२० मध्ये मजूर महाजन संघ उभा राहिला. कामगार अनसूयाबेनना 'मोटाबेन' म्हणत, म्हणजे थोरली बहीण.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणींना माहीत असते. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यापुढचं. त्या पिढीनं भार मोजला तो घड्याळानं आणि पगारानं. किती तास उभं केलं, हातावर किती पैसे ठेवले. हा काटा गरजेचा होता, आणि त्याच्याचमुळे पुढे १९४८ चा फॅक्टरी कायदा आला, दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आली. पण तास कमी झाले, पगार वाढला, तरीही माणूस कामावरून पिळून निघाल्यासारखा घरी येतो, असं का होतं? हा भार घड्याळात दिसत नाही.

तो पहिल्यांदा नीट दिसला इंग्लंडच्या कोळसाखाणीत. लंडनमध्ये टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूट नावाची संस्था आहे. महायुद्धात सैनिकांच्या मनावर झालेल्या परिणामांवर काम केलेली माणसं तिच्यात होती. तिथले एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफोर्थ यांनी १९५१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. बॅमफोर्थ स्वतः आधी खाणकामगार होते. पूर्वी खाणीत दोन-चार जणांची टोळी मिळून कोळसा काढायची. टोळीतली माणसं एकमेकांना निवडून घेतलेली, कोणी आजारी पडला तर बाकीचे सांभाळून घेणारी. मग यंत्रं आली. कामाचे तुकडे झाले. एका पाळीत कोळसा कापायचा, दुसऱ्या पाळीत भरायचा, तिसऱ्यात यंत्र पुढे सरकवायचं. आधीच्या पाळीनं काम अर्धं ठेवलं की पुढच्याच्या डोक्याला ताप. ज्याच्यावर राग काढायचा तो माणूस तोवर घरी गेलेला. खाडे वाढले, भांडणं वाढली, अंगदुखी-पोटदुखीची दुखणी मागे लागली. यंत्र चांगलंच होतं. पण ते आणताना माणसांची टोळी मोडली, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आता पुन्हा अहमदाबादला येऊ. मधल्या काळात कॅलिको गिरणीची सूत्रं अंबालालांचे चिरंजीव गौतम साराभाई यांच्याकडे आली होती. त्यांच्या पत्नी कमलिनीबेन लंडनमध्ये मनोविश्लेषण शिकून आल्या होत्या. १९५१ साली अहमदाबादेत बी. एम. इन्स्टिट्यूट ही मनोआरोग्याची संस्था सुरू झाली, तिच्यामागे हे दोघं होते. त्याच शहरात गिरण्यांच्या संशोधनासाठी 'अटिरा' ही संस्था विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई यांच्या पुढाकारानं १९४७ पासून उभी राहत होती, आणि तिथं मानवी संबंधांच्या विभागाचं काम कमला चौधरी नावाच्या विदुषी पाहत होत्या. सूत किती ताण सोसतं ते तपासणाऱ्या संस्थेत, माणूस किती ताण सोसतो हे तपासणारी एक बाई बसलेली होती. पन्नासच्या दशकातल्या आपल्या देशाबद्दल हे वाचलं की मला अजूनही नवल वाटतं.

कॅलिकोमध्ये त्या सुमारास स्वयंचलित माग आणले होते. आमच्या बेळगावच्या शहापूर-वडगाव भागात मागाच्या खटखटीशिवाय सकाळ होत नसे, त्यामुळे मागाबद्दल थोडं तरी सांगू शकते. साध्या मागावर धोट्यातली कांडी संपली की माग थांबवून हातानं बदलावी लागते. स्वयंचलित मागावर ती आपोआप बदलते. म्हणजे एक माणूस कितीतरी जास्त माग सांभाळू शकतो. यंत्र महाग होतं, अपेक्षा मोठी होती. प्रत्यक्षात मात्र ना उत्पादन मनासारखं वाढलं, ना कापडाचा दर्जा सुधारला. खराब माल तर फारच निघू लागला.

१९५३ साली टॅव्हिस्टॉकचे ए. के. राइस सल्लागार म्हणून तिथं आले. त्यांनी विणकामाच्या त्या खात्यात काय पाहिलं? माग २२४ आणि माणसं २९. त्या २९ जणांची कामं मात्र बारा प्रकारची. एक विणकर, एक कांड्या भरणारा, एक तुटलेले धागे सांधणारा, एक तेल घालणारा, एक कापड उतरवून नेणारा, एक झाडणारा, एक हवेतला ओलावा सांभाळणारा. प्रत्येकाचं काम घड्याळ लावून वेगळं मोजलेलं, आणि त्यानुसार प्रत्येकाला वेगवेगळ्या संख्येनं माग वाटून दिलेले. कागदावर हिशोब बिनचूक होता. पण परिणाम असा की एका विणकराच्या मागांवर कांड्या भरणारा माणूस दुसऱ्या विणकराच्या मागांवरही जायचा, धागे सांधणारा तिसऱ्याच्याही. कोण कोणाचा, हेच कळेना. एखादा माग बंद पडला की विणकरानं हाक मारायची ती नेमकी कोणाला? आणि त्यानं येऊच नये, तर रागवायचं कोणावर? प्रत्येक जण आपापलं काम चोख करत होता आणि तरी सगळं मिळून बिघडत होतं.

घर चालवणाऱ्या बाईला हे समजायला राइसची गरज नाही. चार सुनांत कामं वाटली, एकीनं फक्त कणीक मळायची, दुसरीनं फक्त लाटायची, तिसरीनं भाजायची आणि चौथीनं तिन्ही घरांतली भांडी उचलायची, असं ठरवलं तर पोळी करपली की सगळ्याजणी एकमेकींकडे बघत उभ्या राहतील.

राइस यांचा उपाय विलक्षण साधा होता. ६४ मागांसाठी सात जणांचा एक गट. त्या मागांवरची जवळपास सगळी कामं त्या गटाची. कोणी काय करायचं ते गटानं आपसांत ठरवायचं, एकमेकांना हात द्यायचा. ही कल्पना आधी अधिकाऱ्यांशी, मग मुकादमांशी आणि कामगारांशी बोलून पाहिली. राइस यांनी नोंदवलंय की कामगारांनी ती लगेच उचलली आणि कोण कोणाबरोबर काम करणार, हे गट त्यांनी स्वतःच जुळवले. सुरुवातीला थोडे चढउतार झाले. पण बस्तान बसल्यावर मागांची कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ पर्यंत गेली, आणि खराब कापडाचं प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून २० वर आलं. माग तेच, छप्पर तेच. माणसंही तीच. बदलली ती एकच गोष्ट, कोण कोणाचं आहे ही.

राइस यांनी १९५८ साली यावर पुस्तक लिहिलं आणि 'अहमदाबादचा प्रयोग' जगभरच्या व्यवस्थापन-शिक्षणात गाजला. आपल्याकडे मात्र तो कोणाला फारसा माहीत नाही.

इथंच गोष्ट गोड शेवटावर थांबवता आली असती. पण इतिहास सांगायचा तर पुढचंही सांगायला हवं. १९७० साली टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर परत आले आणि त्यांनी जुन्या ठिकाणी काय उरलंय ते पाहिलं. एका ठिकाणी गटांची पद्धत सतरा वर्षांनंतरही चांगली चालू होती. दुसरीकडे बाजाराचे आणि कच्च्या मालाचे ताण आले तसे लोक हळूहळू जुन्या वळणावर गेले होते. आणि नंतर, १९८० आणि ९० च्या दशकांत, अहमदाबादच्या बहुतेक गिरण्याच बंद पडल्या. कॅलिकोही वाचली नाही. मन सांभाळलं की धंदा हमखास टिकतो, असं म्हणणारा माणूस तुम्हाला काहीतरी विकायला आलेला असतो. मन सांभाळणं ही धंदा टिकण्याची एक अट आहे, हमी नाही.

त्यातही आपल्याला टोचेल अशी एक गोष्ट आहे. गिरण्या बंद पडल्या, पण कापड विणलं जाणं काही बंद झालं नाही. ते काम भिवंडी, इचलकरंजी आणि आपल्याकडच्यासारख्या गावांतल्या छोट्या यंत्रमागांकडे आलं. तिथं बारा-बारा तासांच्या पाळ्या सर्रास चालल्या. ना संघटना, ना मोटाबेन, ना कोणी राइस. ते माग चालवणारे मालक कोण होते? त्यात आपलेही लोक होते. जो भार अहमदाबादनं पन्नास वर्षं मोजायला शिकून घेतला होता, तो आपल्या शेडमध्ये पुन्हा न मोजता लादला गेला. मी कोणाचं नाव घेऊन बोट दाखवत नाही. पण पर्युषणात दहा दिवस एकाशन करणाऱ्या घरच्या शेडमध्ये रात्रपाळीच्या पोराला चहाला उठायची मुभा नसेल, तर त्या एकाशनाचा हिशोब कुठं लागतो, एवढंच विचारते.

आता फोनकडे वळू. मागाला निदान शेडच्या भिंती होत्या. कामगार शेडबाहेर आला की माग मागे राहायचा. फोननं ती भिंतच काढून टाकली. दुकान बंद करून घरी गेलेल्या मुलाला रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर 'उद्या गोडाऊनची चावी तू घे' असा निरोप येतो. पाठवणाऱ्याला वाटतं, दोन ओळी तर लिहिल्यात! घेणाऱ्याची झोप जाते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये सांगितलं की नैराश्य आणि चिंता यांमुळे जगात दरवर्षी कामाचे सुमारे १२ अब्ज दिवस बुडतात, आणि नुकसान सुमारे एक लाख कोटी डॉलरचं होतं. आकडा एवढा मोठा आहे की मनात मावत नाही. पण आपल्या दुकानात 'तब्येत बरी नाही' म्हणून खाडा करणारा मुलगा त्याच आकड्यातला एक दिवस असू शकतो.

बरं, जे यंत्र भार वाढवतं तेच तो कमी करायलाही लावता येतं, याची उदाहरणं आहेत. जर्मनीत फोक्सवॅगन कंपनीनं २०११ च्या अखेरीला कामगार प्रतिनिधींशी ठरवून एक सोय केली. कंपनीचे फोन दिलेल्या हजाराहून जास्त कर्मचाऱ्यांना पाळी संपल्यावर अर्ध्या तासानं ईमेल जाणंच बंद. दुसऱ्या दिवशी पाळीच्या अर्धा तास आधी पुन्हा सुरू. साहेबाच्या चांगुलपणावर काही सोडलंच नाही, सर्व्हरलाच सांगून टाकलं. फ्रान्सनं १ जानेवारी २०१७ पासून पन्नासाहून जास्त माणसांच्या कंपन्यांना बंधन घातलं की कामाच्या वेळेबाहेर फोन-ईमेलपासून मोकळं राहण्याच्या हक्काबद्दल कामगारांशी बोलणी करा. आपल्या संसदेतही सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली याच हक्कासाठी खासगी विधेयक मांडलं होतं.

फ्रान्सला हे उगाच सुचलं असं नाही. तिथल्या फ्रान्स टेलिकॉम या दूरध्वनी कंपनीनं २००६ पासून तीन वर्षांत २२ हजार माणसं कमी करायचं ठरवलं होतं. काढून टाकणं कायद्यानं अवघड, म्हणून लोकांनी आपणहून जावं असं वातावरण केलं गेलं. अनेकांनी आत्महत्या केल्या. २०१९ च्या डिसेंबरात न्यायालयानं कंपनीला आणि तिच्या बड्या अधिकाऱ्यांना संस्थात्मक छळासाठी दोषी ठरवलं. एखाद्या मुकादमाचा स्वभाव वाईट म्हणून नव्हे, तर कामाची रचनाच छळाची केली म्हणून. माझ्या मते अतिभारारोपण या शब्दाला आधुनिक न्यायालयानं दिलेला इतका जवळचा अर्थ दुसरा नसेल.

आणि मग ती रोज 'कसं वाटतंय' विचारणारी ॲप. माझी एक भाची बंगळूरच्या एका कंपनीचं काम बेळगावात घरी बसून करते. कंपनीनं सगळ्यांना असं एक ॲप दिलंय. सकाळी पाच तोंडं दिसतात, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. मी विचारलं, तू कुठलं दाबतेस गं?

"हसरंच दाबतो की आत्या, रोज." आमच्याकडच्या मुली स्वतःबद्दल असंच बोलतात. "रडकं दाबलं आणि साहेबांना कळलं तर? प्रमोशनच्या वेळेला काढतील ते."

"पण कळतं का खरंच त्यांना?"

"ते कुठं ठावं हाय! ठावं न्हाई म्हणूनच हसरं."

दोन वाक्यांत पोरीनं सगळं सांगितलं. उत्तर कुठं जातं ते माहीत नसेल, तर यंत्र मन मोजत नाही, भीती मोजते. १९६६ मध्ये अमेरिकेत जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' नावाचा बोलणारा संगणक-कार्यक्रम केला होता. तो समुपदेशकासारखे प्रश्न उलटून विचारायचा, समजत त्याला काहीच नव्हतं. तरी वायझेनबॉम यांच्या सचिव बाईंनी त्याच्याशी बोलताना त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. म्हणजे यंत्राजवळ मन मोकळं करायला माणूस तेव्हाही तयार होता. अट एकच, साहेब खोलीत नको. आज बंगळूरचंच 'वायसा' नावाचं ॲप, त्यात एक पेंग्विन बोलतो, नाव न सांगता वापरता येतं, ते याच कारणानं. पण खोलीतला साहेब फोनच्या आत जाऊन बसला असेल, तर पेंग्विन तरी काय करणार?

म्हणून मला सगळ्यात जास्त भरवसा वाटतो तो एका साध्या नंबराचा. १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, केंद्र सरकारनं 'टेलिमानस' सेवा सुरू केली. नंबर १४४१६. बंगळूरची निम्हान्स ही तिची मध्यवर्ती संस्था आहे. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं. समुपदेशक आधी ऐकून घेतो, गरज पडली तर डॉक्टरांकडे जोडून देतो. आपल्या भागात याचं मोल जास्त, का ते सांगते. बेळगावात एखाद्याचं डोकं बिघडलं असं म्हणायचं तर लोक अजून म्हणतात, 'याला धारवाडला न्यायला पाहिजे.' धारवाडला मनोरुग्णांचं इंग्रजांच्या काळापासूनचं इस्पितळ आहे, म्हणून तो शब्दच शिवी झाला. त्या भीतीनं कितीतरी जण, त्यातही बायका, वर्षानुवर्षं झोपेविना काढतात. फोन कानाला लावायला धारवाडची बस धरावी लागत नाही, आणि शेजारीण विचारत नाही, कुठं निघालात?

अहमदाबादकडे एकदाच शेवटचं वळते, कारण तिथं बायकांनीच दाखवलेला एक रस्ता आहे. मजूर महाजनच्या महिला विभागात काम करणाऱ्या इलाबेन भट यांनी १९७२ मध्ये 'सेवा' ही संघटना नोंदवली. फेरीवाल्या, गोधडी शिवणाऱ्या, डोक्यावर भार वाहणाऱ्या बायकांची. त्याच वर्षी मोटाबेन वारल्या. गिरण्या बंद झाल्यावर कितीतरी घरं याच बायकांच्या कमाईवर उभी राहिली. सेवाचा 'रुडी' नावाचा व्यवसाय आहे. गावातल्या शेतकरी बायकांकडून धान्य-मसाले घ्यायचे, निवडून पॅक करायचे आणि गावातल्याच बायकांनी दारोदार विकायचे. या रुडीबेनना मागणी नोंदवायला केंद्रावर हेलपाटे मारावे लागत, आणि तिथं गेल्यावर कळे की माल संपलाय. साधारण २०१३ च्या सुमारास त्यांच्यासाठी फोनवर गुजरातीतून मागणी नोंदवायची सोय केली गेली. त्या सोयीत 'आज कसं वाटतंय' असा प्रश्न कुठंच नाही. पण हेलपाटा वाचला, रिकाम्या हातानं परतायची धास्ती गेली, विक्रीचा हिशोब बाईच्या स्वतःच्या हातात आला. मनावरचा भार हलका करणारं यंत्र म्हणतात ते हेच, असं मला वाटतं. कुठं दुखतं ते आधी बायकांना विचारलं गेलं आणि मग यंत्र आणलं गेलं. १९५३ च्या त्या खात्यातही हेच झालं होतं.

तेव्हा आपल्यातल्या ज्या घरी चार माणसं कामाला आहेत, मग दुकान असो, शेड असो की सॉफ्टवेअरचं ऑफिस, त्यांना मी ॲप घ्या म्हणणार नाही आणि घेऊ नका असंही म्हणणार नाही. घेणार असाल तर माणसानं दाबलेलं तोंड तुमच्या डोळ्यांना दिसणार नाही, अशी व्यवस्था करा आणि तसं सगळ्यांसमोर सांगा. १४४१६ हा नंबर बिलबुकाच्या बाजूला, घड्याळाखाली, जिथं सगळ्यांची नजर जाते तिथं लिहून लावा. दुकानाचं शटर खाली ओढलं की ग्रुपवर निरोप नको. चावीचं उद्या बघू.

आणि एक काम आपण बायका करू शकतो, कारण दिवाळीला वहीपूजनाची तयारी आपणच करतो. कुंकवाचं स्वस्तिक काढून नवी वही उघडली की नफा-तोटा मांडायला पुरुषमंडळी बसतातच. त्याच वहीच्या शेवटच्या पानावर या वर्षी आपल्याकडून किती माणसं काम सोडून गेली आणि का गेली, हे लिहायला सांगा. 'गावी गेला', 'लहरी होता', 'दुसरीकडे जास्त मिळालं' यांवर थांबू देऊ नका. कामावरून जाताना त्याचा चेहरा कसा असायचा, हे चहा नेऊन देणाऱ्या आपल्याला पुरुषांपेक्षा जास्त ठाऊक असतं. पहिल्या वर्षी ते पान अर्धवट भरेल. दुसऱ्या वर्षी जे लिहिलं जाईल, ते वाचून घरात थोडी शांतता पसरेल. पसरू द्या.